नेहेत्यांनी रद्द केलेली रेल्वे

चुडामण नेहेते जळगावच्या एका सरकारी कार्यालयात अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे साहेबांनी मंजूर केलेल्या नकाशावर पातळ कागद अंथरून तोच नकाशा शाईने पुन्हा काढणारा माणूस. या कामात पदरचं काही घालायचं नसतं. नदी वळली असेल तिथे वळवायची, सरळ असेल तिथे सरळ न्यायची, आणि मूळ नकाशात चूक असेल तर तीही इमानाने उतरवून घ्यायची. सव्वीस वर्षं नेहेत्यांनी हेच केलं होतं. त्यामुळे एक्क्याण्णव साली त्यांनी घरात रेल्वे बांधायला काढली तेव्हा ती जळगाव ते नरडाणा या खऱ्याखुऱ्या मार्गाची नक्कल असणार, हे ओघानेच आलं.

रुळांमधलं अंतर त्यांनी चार इंच धरलं. खऱ्या रुळांत साडेपाच फुटांचं अंतर असतं, म्हणजे सगळं साडेसोळा पट लहान करायचं. इंजिन आणि डबे या मापात बसले. मार्ग बसेना. जळगाव ते नरडाणा साडेसोळा पटीने लहान केलं तरी साडेपाच किलोमीटर भरत होतं, आणि महाबळ कॉलनीतल्या त्यांच्या घराला दोन खोल्या आणि एक व्हरांडा होता. बरेच दिवस मनाशी झगडून त्यांनी लांबीला वेगळं प्रमाण लावलं. एक फूट म्हणजे एक किलोमीटर. सहा-सहा फुटांची पंधरा टेबलं, घडीच्या पायांची, नंबर टाकलेली, बोल्टने एकमेकांना जोडायची. एकाच कामात दोन प्रमाणं वापरल्याची टोचणी त्यांना होतीच, म्हणून पहिल्या टेबलाच्या कडेला त्यांनी सुवाच्य अक्षरात टीप लिहिली, ‘लांबीचे प्रमाण भिन्न’.

शेजारच्या अभिमन नानांनी ती टीप चष्मा लावून वाचली. नाना भुसावळहून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते आणि रेल्वेबद्दल बोलायचा हक्क कॉलनीत आपल्या एकट्याचाच आहे असं त्यांचं मत होतं.

“गाडी किती फूट?” त्यांनी विचारलं.

“इंजिन धरून साडेबारा.”

“म्हणजे साडेबारा किलोमीटरची गाडी. इंजिन पाळधीला पोचलं तरी मी गार्डाच्या डब्यात जळगावातच बसलेलो. शिटी कोणासाठी वाजवू?”

नेहेत्यांना राग आला. सव्वीस वर्षांत त्यांच्या रेघेला कोणी नावं ठेवली नव्हती. नाना मात्र रोज चहाच्या वेळेला येऊन एकेक दुरुस्ती सांगून जायचे. सिग्नलचा हात खांबाच्या उजव्या अंगाला आहे, तो डाव्या अंगाला हवा. अमळनेरचा फलाट उतरता दिसतो. त्यांना गप्पही बसवता येत नव्हतं, कारण शेवटची पाच टेबलं त्यांच्या व्हरांड्यात लागायची, आणि ज्यांच्या व्हरांड्यात नरडाणा आहे त्यांना काय बोलणार? समोरच्या ललवाणी किराणावाल्यांनी एक बोगदा घालायला सांगितला. या मार्गावर बोगदाच नाही, असं नेहेत्यांनी शांतपणे समजावल्यावर ते म्हणाले, “नसेल. पण बोगदा लोकांना आवडतो.”

इंजिनाचं काम इसाकभाईंकडे होतं. इसाकभाई बाजारात स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. त्यांनी तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून असं इंजिन बनवलं, की नेहेते दुकानात उभ्या उभ्या पाहतच राहिले. आत एका भंगार ट्रकच्या काचेवरची वायपरची मोटर बसवली होती. मात्र ती त्यांनी जशी निघाली तशी, दांडीसकट जोडली होती. वायपरचं काम काच पुसायचं. त्यामुळे बटण दाबल्यावर गाडी फूटभर पुढे गेली, फूटभर मागे आली आणि तेच करत राहिली.

“इसाकभाई, ही जळगाव सोडत नाहीये.”

“भाऊसाहेब, पुढे पण चालते, मागे पण चालते. एका बटणात दोन्ही काम,” इसाकभाई अभिमानाने म्हणाले. दांडी काढून टाकायला त्यांना दोन आठवडे लागले. त्यातला दीड आठवडा दांडी काढायची नाही या वादात गेला.

बॅटरी इंजिनामागच्या डब्यात होती आणि बटण त्या डब्याच्या छपरावर. म्हणजे गाडी थांबवायची तर ती कोणीतरी पकडावी लागे. हे काम बेबाबाईंकडे, नेहेत्यांच्या पत्नीकडे आलं. गाडी निघाली की त्या नरडाण्याला, म्हणजे नानांच्या व्हरांड्यात, जाऊन उभ्या राहायच्या. मधलं धरणगाव बरोब्बर गॅसच्या ओट्यासमोर येत होतं, त्यामुळे रेल्वे मांडलेली असली की पोळ्या जमिनीवर बसून लाटाव्या लागत. याबद्दल बेबाबाईंनी एकदाच तक्रार केली. “येवढं सगळं केलं,” त्या म्हणाल्या, “आन् त्याच्यात मानूस तर बसत नाही.”

रेल्वेची बातमी धुळ्यापर्यंत गेली, आणि तिथल्या एका वाचनालयाचे चिटणीस भाईदास शिसोदे एका रविवारी ती बघायला आले. वाचनालयाच्या सभागृहात छंद आणि हस्तकलांचं प्रदर्शन भरायचं होतं. त्यांनी पंधराही टेबलांच्या कडेने सावकाश चालत पाहणी केली, नरडाण्याला पोचले आणि विचारलं, “यात धुळे कुठे आहे?”

“धुळे या मार्गावर नाही,” नेहेते म्हणाले. “धुळ्याला चाळीसगावहून जावं लागतं.”

“ते धुळेकरांना माहीत आहे, नेहेते भाऊ. रोज जातात बिचारे. पण धुळे नसलेली रेल्वे मी धुळ्यात मांडली तर लोक माझ्या दारावर येतील. तुम्ही असं करा ना, नरडाण्याहून सरळ धुळ्याला एक फाटा काढा.”

“अशी लाइन नाही.”

“होणारच आहे.”

“कधी?”

“ते तुम्ही मला विचारू नका. मी शाळेत होतो तेव्हापासून होणार आहे.”

नेहेत्यांनी नाही म्हणून सांगितलं. जे जमिनीवर नाही ते आपण काढत नाही, असंही सांगितलं. भाईदास चहा पिऊन गेले. त्यानंतर आठ दिवस नेहेत्यांनी रेल्वेला हात लावला नाही. नवव्या दिवशी त्यांनी धुळे आणि शिंदखेडा तालुक्यांचे नकाशे जमिनीवर पसरले, पट्टी बाजूला ठेवली आणि नुसत्या हाताने नरडाण्याहून धुळ्यापर्यंत एक रेघ ओढली. एका ठिकाणी टेकडी चुकवायला वळवली, एका नाल्यावर पूल धरला. मग बराच वेळ ते त्या रेघेकडे बघत बसले. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली रेघ होती जिच्याखाली दुसऱ्याची रेघ नव्हती.

या फाट्यासाठी आणखी सहा टेबलं लागली, सोळा ते एकवीस. आणि खरं सांगायचं तर ती सहा टेबलं आधीच्या पंधरांपेक्षा कितीतरी देखणी झाली. गावं नकाशाप्रमाणे घातली, शेतांचे बांध घातले, आणि जिथे हिरवा रंग फारच मोकळा वाटला तिथे निळ्या रंगाची एकेक विहीर टाकली. या विहिरींचा पुढे एवढा बभ्रा होईल, हे त्यांना तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

डिसेंबरात एका ट्रकमध्ये एकवीस टेबलं, इंजिन, चार डबे, नेहेते आणि बेबाबाई धुळ्याला निघाले. शहराच्या वेशीवर जकात नाक्यावर गाडी अडली. कारकुनाने ताडपत्री उचलून पाहिली. “काय माल आहे?”

“रेल्वे,” नेहेते म्हणाले.

कारकुनाने दरपत्रक वरपासून खालपर्यंत बोट फिरवून वाचलं. रेल्वे नव्हती. “खेळणी लिहू?”

“खेळणी नाही. प्रतिकृती आहे. प्रमाणबद्ध.”

“प्रतिकृती पण नाही यात. खेळणी आहे, यंत्रसामग्री आहे, इमारती लाकूड आहे. तुम्हीच सांगा.”

नेहेते खेळणी म्हणायला तयार होईनात. मागे ट्रकांची रांग लागली. बेबाबाई दोनदा म्हणाल्या, “खेळनं म्हना आन् चला.” नेहेत्यांनी ऐकलं नाही. वरिष्ठ कारकून जेवून आले, त्यांनी एक टेबल बोटाने वाजवून पाहिलं आणि पावतीवर लिहिलं, ‘लाकडी सामान, जुने’. दीड वर्षाच्या कामाचं हे वर्णन खिशात घालून नेहेते शहरात शिरले.

सभागृहाच्या दाराशी त्यांना दुसरा धक्का बसला. त्यांनी पाठवलेला मजकूर होता, ‘रेल्वेची प्रतिकृती, एक छंद’. भाईदासांना तो फार मिळमिळीत वाटला होता. त्यांनी पेंटरकडून मोठा फलक करून घेतला होता, ‘नियोजित धुळे–नरडाणा रेल्वेमार्ग प्रत्यक्ष पाहा. सादरकर्ते चु. दे. नेहेते, शासकीय अनुरेखक’.

“यात खोटं काय आहे?” भाईदासांनी विचारलं. “तुम्ही शासकीय आहात ना? अनुरेखक आहात ना? मार्ग नियोजित आहे ना? मग?”

पहिला दिवस शाळांचा होता, तो बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा बाहेर धोतर-टोपीतली पंधरा-वीस माणसं पायरीवर बसली होती. त्यातले पुढचे, वना आबा, पिंपरखेड्याचे. त्यांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. थेट अठरा नंबरच्या टेबलाशी गेले, खाली वाकले, आणि बोट ठेवून म्हणाले, “साहेब, हाई मनी विहीर शे का?”

“ती? ती अशीच टाकलीय.”

“अशीच कशी टाकशात? मनी विहीर आठेच शे. आनि तुमना रूळ तिना अंगवरथीन जास.”

नेहेत्यांनी समजावलं की हा सरकारी मार्ग नाही, ही एक हौस आहे. वना आबांनी मान डोलावली. “बठ्ठा साहेब पहिले असंच सांगतस. धरणना टाइमले बी असंच सांगेल व्हतं.” मागच्या मंडळींनीही माना डोलावल्या. शेवटी नेहेत्यांनी, जो शब्द नाक्यावर दोन तास थांबूनही उच्चारला नव्हता तो उच्चारला. “आबा, हे खेळणं आहे.”

वना आबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चष्मा, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, पन्नाशी उलटलेली. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी खिशातून घडी केलेला अर्ज काढून पुढे केला.

इथे नेहेत्यांची सवय आडवी आली. सरकारी माणसापुढे कागद आला तर तो घ्यावा लागतो, आणि घेतला तर पोच द्यावी लागते. हात आपोआप चालला. ‘मिळाला’, तारीख, सही. पोच मिळताच वना आबांचा चेहरा उजळला आणि मागच्या प्रत्येकाने आपापला कागद काढला.

“कागद घेता कायले?” बेबाबाईंनी त्यांना बाजूला ओढून विचारलं. “आन् सही कायले करता?”

“तो आणून देतोय, नाही कसं म्हणू?”

“मी शेतकऱ्याची पोर हाये. सही दिसली का मानूस परत जात नाही.”

तसंच झालं. तिसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांहून माणसं आली. एका गावाला मार्ग आपल्या शिवारातून नको होता. शेजारच्या गावाला तो हवाच होता आणि त्यांचा आरोप होता की नेहेत्यांनी टेकडीचं निमित्त करून मुद्दाम त्यांना वगळलं. नेहेत्यांनी टेकडी दाखवली. ते म्हणाले, ही टेकडी एवढी मोठी नाही, तुम्ही फुगवलीय. टेकडीच्या उंचीवर अर्धा तास वाद चालला, आणि तो चालू असताना नेहेत्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्या रेघेची बाजू मनापासून मांडतोय. पूल तिथेच का, वळण तेवढंच का. इतकं बारकाईने त्यांच्या कामाबद्दल आजवर कोणी विचारलं नव्हतं.

वना आबांची मागणी सगळ्यात सोपी होती. “मना वावरमाईन रूळ जावाले नको. पन टेसन आमना गावले जोयजे.”

“रूळ नसतील तर स्टेशन कसं होणार, आबा?”

“ते तुमी दखा. तुमी शिकेल शेत.”

गर्दी बघून भाईदासांनी प्रदर्शन आठ दिवस वाढवलं. एका स्थानिक पत्राने ‘नेहेते मार्गाला शेतकऱ्यांच्या हरकती’ अशी बातमी छापली. सोमवारी नेहेते रजा वाढवून घ्यायला जळगावला गेले, तर साहेबांच्या टेबलावर ते कात्रण होतं आणि त्याला पिन मारलेलं, वरून आलेलं एक पत्र होतं. ‘आपण सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय धुळे–नरडाणा रेल्वेमार्ग निश्चित करून त्यावर हरकती स्वीकारल्या, याबाबत तीन दिवसांत खुलासा करावा.’

“नेहेते,” साहेब म्हणाले, “रेल्वे आपल्या खात्याकडे आहे का?”

“नाही, साहेब.”

“मग तुम्ही ती काढलीत कशी?”

“प्लायवूडची आहे, साहेब.”

“प्लायवूडची आहे तर एकशे बारा पोचा कशा दिल्यात?”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं, डोळे चोळले आणि म्हणाले, “एक करा. रद्द करून टाका.”

“जी मुळात नाही ती रद्द कशी करायची?”

“पोच दिली ना? मग आहे. वर काय कळवू मी, हौस होती म्हणून? निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत तुमची. रीतसर रद्द करा, पंचनामा करा, अहवाल द्या. मी समज देऊन फाइल बंद करतो.”

नेहेते एस.टी.ने धुळ्याला परतले. वाटेत ते बेबाबाईंना काय सांगायचं याचा विचार करत होते. ‘हौस’ की ‘रद्द’, अपमान कुठल्या शब्दाने जास्त झाला हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ‘लाकडी सामान, जुने’ वाचूनही इतकं लागलं नव्हतं.

बुधवारी एक अव्वल कारकून कार्बन पेपर घेऊन सभागृहात आला. पंच म्हणून भाईदास, आणि सकाळपासून तिथेच उभे असलेले वना आबा. कारकुनाने मजकूर वाचून दाखवला. टेबल क्रमांक सोळा ते एकवीस मुख्य मार्गापासून विलग करण्यात येत आहेत, सदर मार्ग या दिनांकापासून अस्तित्वात नाही.

“आते मनी जमीन मोकळी?” वना आबांनी विचारलं.

“मोकळी,” कारकून म्हणाला.

एवढ्यावर आबांनी अंगठा द्यायला हवा होता. पण ते शाईच्या पॅडपाशी जाऊन थांबले. मग नेहेत्यांकडे वळून म्हणाले, “उखाडाना पहिले एकडाव चालाडी दखाडा.”

नेहेत्यांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने पेन खाली ठेवलं. बेबाबाई नरडाण्याला जाऊन उभ्या राहिल्या.

गाडी धुळ्याहून निघाली. वायपरच्या मोटरीचा तो सावकाश, घसा बसल्यासारखा आवाज सोडला तर सभागृहात काही ऐकू येत नव्हतं. वना आबा तिच्या बरोबरीने टेबलाच्या कडेने चालत होते, हात मागे बांधून. वळण आलं, पूल आला, टेकडी आली. अठरा नंबरच्या टेबलाशी ते थांबले. गाडी थांबली नाही, ती नरडाण्याकडे गेली आणि बेबाबाईंनी ती हलकेच पकडली.

“थांबनी नई,” आबा म्हणाले.

“तिथे स्टेशन नाही ना, आबा.”

आबांनी अंगठा दिला. नेहेत्यांनी पाना घेतला आणि सहाही टेबलांचे बोल्ट स्वतःच काढले. इतर कोणाला हात लावू दिला नाही.

फाइल बंद झाली. नेहेत्यांना ‘पुन्हा असे घडू नये’ अशी लेखी समज मिळाली. पंधरा टेबलं नानांच्या व्हरांड्यापर्यंत परत लागली, आणि अभिमन नानांनी निर्वाळा दिला की फाटा होता तेव्हा सांधा चुकीचा होता, बरं झालं गेला. रद्द झालेली सहा टेबलं घडी करून दारामागे उभी राहिली.

दोनेक महिन्यांनी वना आबा जळगावला दारात उभे. सोबत पिंपरखेडे ग्रामपंचायतीचं पत्र होतं. अठरा नंबरचं टेबल गावच्या शाळेसाठी मिळावं. नेहेत्यांनी पत्र घेतलं. बेबाबाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी पोच दिली नाही, टेबलच देऊन टाकलं.

ते मांडून द्यायला मात्र ते स्वतः गेले. शाळेच्या वर्गात टेबल लावलं, पाय सरळ केले, पाणसळ ठेवून पातळी पाहिली. गावकरी एकेक करून येत होते, आपलं घर शोधत होते, ते चुकीच्या जागी असेल तर तसं सांगून जात होते. नेहेते सगळं वहीत लिहून घेत होते. मग आबांनी त्यांना शेत दाखवलं, जेवू घातलं, आणि तीनच्या एस.टी.साठी फाट्यावर आणून बसवलं.

तीनची गाडी चार वाजून गेले तरी आली नाही. निंबाच्या झाडाखाली दोघे दगडावर बसून होते. वारा सुटला होता आणि नेहेत्यांचा पांढरा सदरा धुळीने भरला होता.

“आठे टेसन ऱ्हातं,” रस्त्याकडे बघत वना आबा म्हणाले, “तर तुमले असं बसनं पडतं नई.”

आवाजात राग नव्हता, पण ठपका होता. हाती आलेली वस्तू या माणसाने घालवली, असा. नेहेत्यांच्या तोंडाशी नेहमीचं उत्तर आलं, प्लायवूडचं, हौसेचं, खेळण्याचं. ते त्यांनी गिळलं. चष्मा काढून पुसला, परत लावला.

“माझ्या हातात होतं तोवर ठेवलं होतं, आबा,” ते म्हणाले. “वरून आदेश आला.”

वना आबा त्यांच्याकडे वळले.

“वरथीन उनं का?” ते म्हणाले. “मंग तुमी तरी काय करशात.” आणि तंबाखूची चंची उघडून त्यांनी ती नेहेत्यांपुढे धरली.